शीळ पदर सावरत नाही

बैलाला पाणी पाजायचं म्हणजे नुसतं हौदावर नेऊन उभं करायचं नसतं. धन्यानं शेजारी उभं राहून हळू, लांब शीळ घालायची असते. शीळ ऐकली की बैल मान खाली घालतो आणि घटाघटा पितो. का पितो, ते बैलाला विचारा. आपल्याकडं असंच चालत आलंय. आणि या बाबतीत बोरवस्तीच्या सुंदररावांचा हात धरणारा सबंध आष्टी तालुक्यात कुणी नाही, असं लोक म्हणत. लोक काय, सुंदररावसुद्धा म्हणत.

आता खोटं कशाला बोला, सुंदररावांना शीळ घालता येत नव्हती. कधीच आली नाही. ओठांचा चंबू करून जोर लावला की आतून निघायची नुसती हवा. फुस्स. लग्न झालं त्या साली घरचे दोन्ही बैल या हवेला इतके कंटाळले होते की हौदाकडं पाठ करून उभे राहायचे. नव्या नवरीनं, सत्यभामेनं, चार दिवस हा प्रकार बघितला. ती चकलांब्याची. बापाला सगळ्या पोरीच, त्यामुळं माहेरच्या बैलांना पाणी पाजायचं काम लहानपणापासून तिच्याकडंच होतं. पाचव्या दिवशी ती घागर घेऊन हौदाच्या भिंतीआड गेली, पदर पुढं ओढला आणि तिनं शीळ घातली. बैल प्यायले. नेमका त्याच वेळी सुंदररावांचा दोस्त गहिनीनाथ बांधावरून चालला होता. तो थांबला आणि म्हणाला, काय शीळ हाय बे तुझी. अशा वेळी माणसानं खरं सांगून मोकळं व्हावं. सुंदररावांनी मिशीवर हात फिरवला आणि ते म्हणाले, "हं."

त्या एका "हं"वर पुढची चाळीस वर्षं निघाली. बाप्यानं घातली की ती शीळ, आणि बाईनं घातली की तीच शिट्टी. शिट्टी मारणाऱ्या बाईला चार गावांत नाव ठेवतात. म्हणून सत्यभामा भिंतीआड आणि सुंदरराव भिंतीपुढं, अशी वाटणी ठरून गेली. पोळ्याला आजूबाजूच्या गावचे लोक आपली हट्टी जनावरं घेऊन यायचे. सुंदरराव ऐटीत चंबू करून उभे राहायचे, बैल प्यायचे, लोक नारळ आणि फेटा द्यायचे. घरी आल्यावर सत्यभामा तो फेटा पेटीत ठेवता ठेवता हसत सुटायची. "चंबू करायचा म्हणलं तर तुमी पिपाणी फुंकल्यावानी दिसता. गाल फुगवू नका," असं दर पोळ्याला बजावायची. सुंदररावांना राग यायचा, आणि पुढच्या पोळ्याला गाल पुन्हा फुगायचे.

एकदाच तिनं मागणं मागितलं होतं. एवढ्या वर्षांत एक पोळा मी पुढं उभी राहून घालते की शीळ, म्हणाली. बाईच्या जातीला शोभतं का ते, असं सुंदरराव फटकन बोलले. ती हसली, घागर उचलून आत गेली, आणि पुन्हा तिनं तो विषय काढला नाही.

पुढं साध्या तापाचं निमित्त झालं आणि आठ दिवसांत सत्यभामा गेली. तेराव्याला जमलेले लोक रडले, सुंदरराव रडले नाहीत. रडायचं राहूनच गेलं. त्याच सुमाराला त्यांचे पुढचे चार दात पडले, आणि दात पडल्याचा एवढा आनंद कुठल्या माणसाला झाला नसेल. कुणी शीळ घाला म्हटलं की ते ओठ वर करून खिंडार दाखवत. दात गेले, शीळ गेली. लोक हळहळत. घरी आता पवळ्या नावाचा एकच बैल उरला होता. तो हौदावर आला की भिंतीआड मान घालून एकदा बघायचा, आणि सवयीनं पिऊन घ्यायचा. चाललं होतं कसंबसं.

पण तेरा सालचा दुष्काळ आला आणि हौदालाच कोरड पडली. विहिरीत दगड दिसायला लागले. सुंदररावांनी पवळ्याला सोडलं आणि कडा गावाच्या अलीकडं माळावर, दूध सोसायटीच्या चारा छावणीत आणून बांधलं. हिरव्या कापडाची सावली, उसाचं वाढं, टँकरचं पाणी आणि सिमेंटचे हौद. त्या पाण्याला पावडरीचा वास यायचा. बाकीच्या जनावरांनी एक दिवस नाकं मुरडली, दुसऱ्या दिवशी निमूटपणे प्यायली. पवळ्यानं हुंगलं, मान वर केली, भिंतीआड बघितलं. तिथं कुणी नव्हतं. तो तसाच माघारी फिरला. वाढ्यात असेल तेवढाच ओलावा आणि दिवसाकाठी चार घोट, एवढ्यावर राहायला लागला. गहिनीनाथही छावणीतच होता. त्यानं स्वतःची शीळ घालून बघितली, आणखी दोघांनी बघितली. पवळ्या ढिम्म.

त्यात दैवानं आणखी एक चेष्टा केली. सोसायटीचे संचालक आप्पाराव यांच्या वाढदिवसाला मोफत दातांचं शिबिर झालं होतं. गहिनीनाथानं सुंदररावांना बळंच खुर्चीत बसवून माप द्यायला लावलं होतं. ती कवळी छावणीत आल्याच्या आठवड्यातच हाती पडली. माणसांना प्यायला पाणी मोजून मिळत होतं, पण दात आले. मग काय, जो तो म्हणायला लागला, आता घाला की शीळ, बैल मरायला टाकलाय का? सुंदरराव म्हणाले, कवळी ढिली हाय. छावणीचा व्यवस्थापक धर्मराज मोठा उत्साही गडी. त्यानं कवळी घट्ट करून आणली. सुंदरराव म्हणाले, टोचती. त्यानं घासून आणली. आता सांगायला काही उरलं नाही, तेव्हा सुंदररावांनी बोलणंच बंद केलं. तोंड मिटून पवळ्याशेजारी बसून राहायला लागले. मनात एकच हिशेब घोळत होता. खरं सांगावं तर चाळीस वर्षांचं नाव जातं, आणि सांगूनही बैल वाचत नाही, कारण शीळ घालणारी तर गेली. छावणीनं मात्र आपल्या परीनं निदान करून टाकलं, की सुंदररावांचं मानसिक झालंय.

आणि मानसिकावर इलाज करणारी बाई नेमकी त्याच आठवड्यात आली. तिचं नाव शिवगंगा. बीडच्या एका संस्थेनं तिला दुष्काळातल्या माणसांची मनं सावरायला तीन आठवड्यांसाठी पाठवलं होतं. गाणं, ताल, सूर यांनी मनाचा भार हलका करायचा, असं तिचं शिक्षण. धर्मराजानं भोंग्यावरून पुकारलं, उद्या सकाळी मंडपात संगीताचा उपचार हाय, सगळ्यांनी येळेवर हजर राहावं. आता सोसायटीनं मागच्याच वर्षी गोठ्याच्या प्रशिक्षणात सांगितलं होतं, की म्हशीला गाणं ऐकवलं की दूध वाढतं. लोकांनी तेवढं नीट ध्यानात ठेवलं होतं. सकाळी शिवगंगा मंडपात येऊन बघते तर समोर एकवीस म्हशी आणि सहा गाई ओळीनं उभ्या. मालक मागं बिड्या ओढत बसलेले.

तिनं हात जोडून सांगितलं की हा उपचार माणसांसाठी आहे. आमाला काय धाड भरलीय, असं कुणीतरी मागून बोललं. पहिल्या दिवशी उपचार म्हशींनीच घेतला. चांगला मानवला म्हणे.

दुसऱ्या दिवशी माणसं आली, पण ती गंमत बघायला. शिवगंगानं बटणावर वाजणारा पेटीतला तंबोरा लावला आणि पुण्यात शिकलेल्या स्वच्छ मराठीत विचारलं, आपल्याला काय वाटतंय ते मोकळेपणानं सांगाल का? बाया पदरात तोंड घालून खुसखुसायला लागल्या. "आपल्याला" म्हणजे कुणाला, ते त्यांना कळेना. तिच्याजवळ चेहऱ्यांची चित्रं होती. हसरा, रडका, चिडका, घाबरलेला, उदास. ज्याला जसं वाटतं तसा चेहरा त्यानं उचलायचा. धर्मराजानं सुंदररावांना दंडाला धरून पुढं आणलं. त्यांनी पाचही चेहरे नीट बघितले. त्यात ओठांचा चंबू केलेला एकही नव्हता, म्हणून त्यांनी कुठलाच उचलला नाही. उठले आणि पवळ्याकडं गेले.

तिसऱ्या दिवशी मात्र शिवगंगाचा पारा चढला. ऊन मी म्हणत होतं, बाया खिदळत होत्या, आणि तंबोऱ्याची पेटी बंद पडली होती. ती एकदम ओरडली, "कावून हसायलात तुमी? मला बी कळू द्या की जरा." मग मुक्ताबाई हात टेकत उठली. ही मुक्ताबाई दोन म्हशी घेऊन छावणीत आलेली, सत्यभामेच्या माहेरची, चकलांब्याची, आणि बोरवस्तीतच दिलेली. सुंदररावांना ती दाजी म्हणायची आणि त्या नात्याचा पुरेपूर फायदा घ्यायची. तिनं शिवगंगाला कुणाची, कुठली, सगळं विचारून घेतलं. बीडात मल्लिनाथांचं कापडाचं दुकान, त्यांची लेक. दरसाल आजीबरोबर कपिलधारच्या यात्रेला जाणारी. पाच वर्षं पुण्यात होती, तिथं "हाय, न्हाई" म्हटलं की वर्गातली पोरं हसायची, म्हणून ते बोलणं तिनं घडी घालून ठेवून दिलं होतं. आज रागाच्या भरात घडी मोडली. मुक्ताबाई म्हणाली, ही तर आपली निघाली की गं. त्या दिवशी मंडपात बाया पहिल्यांदा गायल्या. खुरपताना म्हणायची गाणी, बारशाची गाणी, एकीला तर सासूला शिव्या देणारं एक गाणं आठवलं. दोघीतिघी रडल्याही. शिवगंगानं तंबोऱ्याची पेटी पिशवीत टाकली ती पुन्हा काढली नाही.

निघताना मुक्ताबाईनं तिला प्रेमानं सांगितलं, जेवणाचा डबा धुवायला पलीकडच्या हौदावर जात जा, पोरी, तिकडं पाणी गार असतं. पलीकडचा हौद म्हणजे सुंदररावांच्या दावणीजवळचा. पाणी सगळ्या हौदांत एकाच टँकरचं होतं, पण शिवगंगाला ते काय माहीत.

तीन दिवसांनी जनावरांचा डॉक्टर आला. त्यानं पवळ्याच्या मानेची कातडी चिमटीत धरून सोडली. ती खाली बसली नाही, तशीच उभी राहिली. डॉक्टर म्हणाला, बाबा, आणखी दोन दिवस हे असंच राहिलं तर माझ्या हातात काही राहणार नाही. तो गेल्यावर सुंदररावांनी पवळ्याच्या कपाळावर हात ठेवला. पवळ्या तिनं वाढवलेला होता. त्याला वासरू असताना तिनं बोटानं दूध चाटवलं होतं. तिची घरात उरलेली एवढीच जिवंत खूण, आणि आपल्या एका "हं"पायी ती डोळ्यांदेखत चालली, हे त्यांना उमगलं. पण उपाय दिसेना.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी छावणी पेंगत होती. सुंदररावही डोळे मिटून खांबाला टेकले होते. पवळ्याचे कान एकदम उभे राहिले. दाव्याला हिसका बसला म्हणून सुंदररावांनी डोळे उघडले. मग त्यांनाही ऐकू आलं. हौदावर शिवगंगा पाठमोरी बसून डबा घासत होती आणि आपल्याच नादात शीळ घालत होती. हळू, लांब, न अडखळणारी. दीड वर्षात बाईच्या ओठांची शीळ त्यांच्या कानावर पडली नव्हती.

मागं कुणी आहे हे कळताच शिवगंगा ओशाळली. लहानपणी दुकानाच्या माडीवर शिट्टी मारली की बसम्माआजी पाठीत धपाटा घालायची, घरातली लक्ष्मी उठून जाईल म्हणायची. तेव्हापासून कुणी नसलं तरच ती तोंड उघडायची. तिनं जीभ चावली आणि चुकलं म्हणाली. सुंदरराव आठ दिवसांत पहिल्यांदा बोलले. "थांबू नगं."

मग त्यांनी तिला आपली अडचण सांगितली. म्हणजे खोटीच सांगितली. माझी शीळ दातांपायी गेली, बैल माझ्या शिळेबिगर पाणी पीत नाही, तवा तू भिंतीआडून घाल, मी पुढं चंबू करून उभा राहतो. शिवगंगानं त्यांच्याकडं जरा निरखून बघितलं, पण बैलाच्या फासळ्या तिलाही दिसत होत्या. तिनं मूळ चाल विचारली. कवळी काढून ठेवा, शीळ घालायची नाही, नुसतं गुणगुणून दाखवा, म्हणाली.

सुंदररावांनी कवळी खिशात टाकली. चाळीस वर्षं दोन हातांवरून ऐकलेली चाल गळ्यातून बाहेर काढायला त्यांना फार वेळ लागला. आवाज घोगरा निघाला. एक ओळ जमली, दुसरी बसेना. शिवगंगा मागोमाग शीळ घालत गेली. पवळ्या कान टवकारून ऐकत होता, पण हौदाकडं सरकत नव्हता.

"तसं न्हाई," सुंदरराव म्हणाले. "वर गेल्यावर ती जरा थांबायची."

"ती कोण?"

"ती म्हणजे शीळ. शीळ थांबायची."

मराठी भाषेचे उपकारच म्हणायचे. शीळही तीच आणि बायकोही तीच. म्हाताऱ्याला लपायला आयती जागा मिळाली. शिवगंगानं मान डोलावली, पुन्हा घातली, वर नेली आणि थांबली. सुंदररावांनी डोळे मिटून घेतले होते. त्यांना हौदाची भिंत दिसत होती.

"एवढं न्हाई थांबायची. जरा थांबायची, इकडंतिकडं बघायची, पदर सावरायची, अन् मग सावकाश खाली यायची."

शिवगंगाची शीळ मधेच तुटली. तिनं ओले हात ओढणीला पुसले आणि हळूच विचारलं, "आजोबा, शीळ कुठं पदर सावरती?"

सुंदररावांनी डोळे उघडले. पळायला वाट नव्हती. मग सगळंच बाहेर पडलं. भिंत, घागर, गहिनीनाथ, "हं", नारळ, फेटे, सगळं. आणि शेवटी ज्याच्यापाशी मन कधी जाऊ दिलं नव्हतं ते पोळ्याचं मागणंही त्यांनी सांगितलं. "शोभतं का म्हणलो तिला. ती हसली. ते हसणं मला आता रोज दिसतंय, पोरी. मला माझीच लाज वाटती."

शिवगंगानं चेहऱ्यांची चित्रं काढली नाहीत. धीराचे चार शब्दही बोलली नाही. मला बी आजी हेच म्हणायची, एवढंच बोलून ती खाली बघत राहिली. मग म्हणाली, "पाणी पाजायच्या वेळंला मी भिंतीआड उभी राहते. कुणाला सांगायचं का न्हाई ते तुमचं तुमी बघा. आधी पवळ्या पिऊ द्या."

पाच वाजता उन्हं उतरली आणि छावणीत पाण्याची वेळ झाली. माणसं आपापली जनावरं घेऊन हौदांवर आली. सुंदररावांनी कवळी लावली, मिशी सारखी केली आणि पवळ्याला हौदापुढं आणलं. ते शीळ घालणार असं दिसताच गहिनीनाथ आपला बैल सोडून पुढं आला. त्याच्यामागं धर्मराज, मुक्ताबाई, वाढ्याचे भारे टाकून चारदोन गडी. भिंतीआड शिवगंगा डोक्यावर ओढणी घेऊन बसली होती. सुंदररावांनी चंबू केला. गाल फुगले.

शीळ निघाली. पवळ्याचे कान हलले. शीळ चढत गेली, आणि पवळ्यानं मान खाली घातली, ओठ पाण्याला लावले. एक घोट, दुसरा, तिसरा. नरड्यावरून पाणी उतरताना दिसत होतं. गहिनीनाथानं धर्मराजाच्या पाठीत थाप मारली. बघ, आली का न्हाई आमच्या सुंदरची शीळ.

शीळ वर जाऊन थांबली. जेवढी थांबायची तेवढीच थांबली. पवळ्यानं मान वर केली आणि घरच्यासारखं भिंतीआड बघितलं. आज तिथं ओढणीची कड दिसली. तशी त्यानं दाव्याला हिसका दिला, सुंदररावांच्या हातून दावं सुटलं, आणि बैल हौदाला वळसा घालून तुरुतुरु पलीकडं गेला. शिवगंगाच्या समोर उभा राहिला. तिचा हात हुंगला, डोकं हुंगलं. मग ही ती नव्हे, हे त्याला कळलं. तो तिथंच उभा राहून हंबरला.

इकडं सुंदरराव अजून चंबू करूनच उभे होते. त्यांनी ओठ सैल सोडले. चाळीस वर्षं लोक फसले, पण हा मुका जीव एक दिवसही फसला नव्हता. तो रोज तिलाच बघून पाणी पीत होता.

"ही शीळ माझी न्हाई," सुंदरराव म्हणाले. "कधीच नव्हती. सत्यभामेची हाय. ती भिंतीआड असायची, मी नुसतं तोंड करायचो."

गहिनीनाथाचं तोंड उघडं पडलं ते बराच वेळ मिटलं नाही. सुंदररावांना वाटलं, आता लोक हसतील. हसू द्यावं, असंही वाटलं. पण बोलली ती मुक्ताबाई, आणि तीही अगदी सहज बोलली.

"ठावं हाय की, दाजी."

"काय ठावं हाय?"

"शीळ आक्काची हाय ते. एका पोळ्याला तुमाला दोनदा शिंक आली. तुमी शिंकत होता अन् शीळ चालूच. आमी बाया वेशीमागं बसून पोट धरधरून हसलो. साऱ्या वस्तीतल्या बायांना ठावं होतं. बाप्यांना काय, त्यांना शिंकसुद्धा दिसत न्हाई." असं म्हणून तिनं गहिनीनाथाकडं बघितलं. त्यानं घाईघाईनं तोंड मिटलं.

सुंदररावांनी विचारलं, मग एवढ्या वर्षांत कुणी बोललं कसं नाही. मुक्ताबाईच्या तोंडावरचं हसू जरा ओसरलं. "आक्कानं आमाला शपथ घातलती. तुमाला कळलंय हे त्यांना कळू देऊ नगा, म्हणाली. त्यांच्याकडं मिरवायला तेवढंच एक हाय."

सुंदरराव हौदाच्या कडेवर बसले. त्यांनी कवळी काढून हातात धरली आणि ते रडले. आवाज करून, खांदे हलवून, सगळ्यांच्या देखत रडले. तेराव्याचं राहिलेलं, त्यानंतर रोज थोडं थोडं साठलेलं, सगळं आलं. कुणी त्यांना गप्प बसा म्हटलं नाही. शिवगंगा पवळ्याचं दावं धरून भिंतीच्या टोकाशी थांबली होती. तिच्याकडं बघून मुक्ताबाईनं नाकाला पदर लावला आणि म्हणाली, शपथ तर मोडता येत नव्हती, पण मंडपाची दोरी बांधताना ही पोरगी शिट्टी मारती हे मी पहिल्याच दिवशी ऐकलं होतं. म्हणून हिला गार पाण्याला धाडलं. आणखी दोन दिवस दाजी बोलले नसते तर शपथ गेली असती उडत, मीच बोलले असते.

पवळ्या पुरता प्याला नव्हता. सुंदररावांनी डोळे पुसले आणि दावं हातात घेतलं. शिवगंगा पुन्हा भिंतीआड जायला निघाली, तसा त्यांनी तिला थांबवलं.

"तिकडं नगं. हितं पुढं ये. सगळ्यांच्या पुढं उभी राहून घाल."

शिवगंगानं एकदा जमलेल्या बाप्यांकडं बघितलं. बसम्माआजीचा हात बीडात होता, इथपर्यंत पोचणार नव्हता. ती हौदापुढं आली, तिनं ओढणी खांद्यावर घेतली आणि शीळ घातली. मोकळ्या माळावर ती लांबपर्यंत गेली. वर गेली, थांबली, पदर सावरण्याएवढी थांबली, आणि सावकाश खाली आली. पवळ्यानं या खेपेला भिंतीआड बघितलं नाही. त्यानं मान खाली घातली ती हौद चार बोटं उतरेपर्यंत वर काढली नाही. शेजारच्या दोन म्हशींनीही त्या निमित्तानं पिऊन घेतलं.

सुंदरराव पवळ्याच्या पाठीवर हात ठेवून ऐकत होते. ऐकता ऐकता त्यांना राहवलं नाही. आता लपवायचं काही उरलंच नव्हतं, तर निदान एकदा खरोखर घालून बघावी असं वाटलं. त्यांनी ओठांचा चंबू केला आणि जीव खाऊन फुंकलं. फुस्स. लोक हसले, गहिनीनाथ तर डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसला. सुंदरराव हटले नाहीत. पुन्हा चंबू, पुन्हा जोर.

"दाजी," मुक्ताबाई पलीकडून म्हणाली, "पिपाणी फुंकल्यावानी दिसतंय. गाल फुगवू नका."

हे शब्द बाहेरच्या माणसाला ठाऊक असायचं कारण नव्हतं. ते फक्त घरात, फेटा पेटीत ठेवताना बोलले जायचे. म्हणजे सत्यभामेनं हेही बायांत बसून सांगितलं होतं, त्यांच्यासंगंही हसली होती.

सुंदररावांनी निमूटपणे गाल आत घेतले.